वस्तुसंग्रहालये आणि आपला मुलूख

वस्तुसंग्रहालय हा शब्द आपल्या जिभेवर अलीकडे रुळला. वाडवडिलांचा शब्द होता 'अजबखाना'. नागपूरचे जुने वस्तुसंग्रहालय आजही तेथील लोकांना 'अजब बंगला' या नावानेच ठाऊक आहे. टांगेवाल्याला वस्तुसंग्रहालय म्हटले तर तो विचारात पडे, अजब बंगला म्हटले की टांगा सुटे. नावावरून लोकांची समजूत कळते. जे रोज पाहायला मिळत नाही ते तेथे पाहावे, तोंडात बोट घालावे, आणि गाडीची वेळ झाली की घरी परतावे. मुंबईस गेलेला आपल्याकडचा पाहुणा राणीची बाग, चौपाटी आणि म्युझियम एकाच दिवसात उरकून येतो, तो याच समजुतीने.

या समजुतीत वावगे काही नाही. नवल वाटणे ही ज्ञानाची पहिली पायरी आहे. परंतु वस्तुसंग्रहालयाचे खरे काम त्या पायरीच्या पुढे सुरू होते, आणि आज आम्हांला आपल्याशी बोलायचे आहे ते त्या पुढच्या कामाविषयी. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, संग्रहालयातील वस्तू ही नवलाची चीज नसून साक्षीदार असते. कचेरीत साक्षीदार उभा राहिला की त्याला प्रथम नाव आणि गाव विचारतात. ज्याला आपले गाव सांगता येत नाही, त्याच्या साक्षीला वजन येत नाही. वस्तूचेही तसेच आहे. हे एकदा ध्यानी आले, म्हणजे मोठ्या शहरातील एका मोठ्या इमारतीने संग्रहालयाचे काम का भागत नाही, त्याच्या शाखा मुलूखोमुलखी का लागतात, आणि बारामती-इंदापूरकरांचा या विषयाशी काय संबंध, हे आपोआप उलगडेल.

प्रथम थोडा इतिहास पाहू. संग्रह करण्याची हौस फार जुनी. राजेरजवाड्यांचे जामदारखाने, सरदारांचे शिलेखाने, मठामंदिरांतील पोथ्यांचे गठ्ठे हे सारे संग्रहच. पण ते धन्याचे, बाहेरच्या माणसाला तेथे पाऊल टाकता येत नसे. संग्रह सार्वजनिक असावा, कोणाही नागरिकाला तो पाहण्याचा हक्क असावा, ही कल्पना युरोपात अठराव्या शतकात मूळ धरू लागली. लंडनचे ब्रिटिश म्युझियम १७५३ साली कायद्याने स्थापन झाले व १७५९ मध्ये लोकांना खुले झाले. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर १७९३ साली राजाचा लूव्र राजवाडाच संग्रहालय म्हणून जनतेला उघडून देण्यात आला. आपल्या देशात पहिले संग्रहालय १८१४ साली कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीच्या आश्रयाने निघाले.

महाराष्ट्रात या कल्पनेचा प्रवेश मुंबईतून झाला, आणि तो खडतर होता. १८५१ साली लंडनला भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर मुंबईतही देशी मालाचा व कारागिरीचा एक संग्रह उभा राहू लागला होता. तो कोटातील लष्करी बराकीत ठेवला होता. १८५७ चा उठाव झाला, शिपायांसाठी बराकी रिकाम्या करण्याचा हुकूम सुटला, आणि त्या गडबडीत पुष्कळशा वस्तू नष्ट झाल्या. डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी वर्गणी गोळा करून पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. भायखळ्याच्या बागेत नवी इमारत १८७२ साली खुली झाली. तिला राणी व्हिक्टोरिया आणि तिचा पती आल्बर्ट यांचे नाव होते. १९७५ साली ते बदलून भाऊ दाजी लाड यांचे देण्यात आले. ज्याने खपावे त्याचे नाव लागायला शंभर वर्षे लागली, पण लागले.

दरम्यान नागपुरात १८६३ साली मध्यवर्ती संग्रहालय निघाले होते. त्याच वर्षी स्टीफन हिस्लॉप हे पाद्री टाकळघाटची दगडांची वर्तुळे पाहून परतताना नाल्याच्या पुरात बुडाले. विदर्भातील दगड, जीवाश्म आणि प्राचीन थडगी यांच्या अभ्यासाची पायाभरणी करणाऱ्यांत त्यांची गणना होते. दगडधोंड्यांसाठी जीव जाईपर्यंत भटकणारी माणसे होती, म्हणून संग्रहालयांच्या कपाटांत काही आले, हे विसरता कामा नये.

पुण्यात १८८८ साली औद्योगिक प्रदर्शन भरले आणि त्यातून १८९० साली लॉर्ड रे इंडस्ट्रियल म्युझियम उभे राहिले. १९६८ पासून ते महात्मा फुले वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखले जाते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली. म्हणजे व्याख्यानमाला आणि वस्तुसंग्रहालय ही एकाच पिढीची अपत्ये आहेत. जो शाळा सोडून प्रपंचाला लागला त्यालाही शिकत राहता यावे, हा दोहोंचा हेतू. एक कानांनी शिकवते, दुसरे डोळ्यांनी.

मुंबईच्या मोठ्या संग्रहालयाची कोनशिला १९०५ च्या नोव्हेंबरात बसली. जॉर्ज विटेट यांनी आखलेली, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारी ती इमारत १९१४ मध्ये तयार झाली. पण पहिल्या महायुद्धात तेथे लष्करी इस्पितळ थाटले गेले, आणि लोकांसाठी दारे उघडली ती १९२२ साली. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम हे नाव जाऊन १९९८ साली ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झाले. कला, पुरातत्त्व आणि निसर्गेतिहास अशा तीन शाखांत मांडणी करण्याची जी रीत या संग्रहालयाने घालून दिली, तिचा उपयोग आपल्याला पुढे करायचा आहे.

येथवरचा इतिहास बहुतांशी सरकार आणि शेटसावकार यांचा. पुढचा इतिहास हा एकेकट्या माणसांच्या वेडाचा आहे, आणि आम्हांला तोच अधिक मोलाचा वाटतो. १९१० साली पुण्यात वि. का. राजवाडे व खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. वाड्यांच्या माळ्यांवर उंदीर-वाळवीने खाल्लेली दप्तरे राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून सोडवली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी यमाईच्या डोंगरावर १९३८ साली संग्रहालय बांधले. राजा रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता व बालकाचे शिल्प एका छपराखाली पाहायचे, तर आजही त्या खेड्यातच जावे लागते. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी', यांनी दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, दारांच्या चौकटी असल्या घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या. अकाली गेलेल्या राजा नावाच्या मुलाची स्मृती म्हणून संग्रहाला त्याचे नाव दिले आणि अखेर सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. पैठणला बाळासाहेब पाटील यांनी आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी हेच केले. पांढरीच्या मातीतून पावसाळ्यात उघडे पडलेले मणी, मृण्मूर्ती, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे ते उचलून आणत आणि जपत. हे दोन्ही संग्रह आज शासकीय वस्तुसंग्रहालये म्हणून त्यांच्याच नावांनी चालतात.

अशा रीतीने राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या छत्राखाली आज नागपूर, कोल्हापूर, सातारा, औंध, पैठण, तेर, माहूर, सिंदखेडराजा अशी ठिकठिकाणची संग्रहालये आली आहेत. एका वडाच्या या पारंब्या आहेत असे वरवर पाहता वाटेल. पण पारंबी वरून खाली येते आणि मग जमिनीत रुजते. यांतील बहुतेक संग्रह आधी जमिनीत रुजले, मग वरच्या फांदीला जाऊन मिळाले. कोल्हापूरचेच पाहा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी शास्त्रीय उत्खनन केले. त्याच टेकडीने समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती दिली होती. या वस्तूंना घर हवे म्हणून संग्रहालय निघाले आणि पुढे टाऊन हॉलमध्ये स्थिरावले. मूर्ती कोल्हापुरात सापडली आणि कोल्हापुरातच राहिली, म्हणून शाळेचे पोरही आज सांगू शकते की, आपल्या गावाचा व्यापार दोन हजार वर्षांपूर्वी रोमपर्यंत पोहोचला होता.

उलट उदाहरण साताऱ्याचे आहे. इतिहाससंग्राहक द. ब. पारसनीस यांनी मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे, चित्रे व वस्तू यांचा अपूर्व संग्रह साताऱ्यास जमवला होता. ते १९२६ साली वारले, आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवावा लागला. तेथे त्याची उत्तम निगा राहिली, अभ्यासकांची सोय झाली, हे कबूल केलेच पाहिजे. तरी गावात जपणारे हात उरले नाहीत तर संग्रह गाव सोडतो, हा धडा त्यातून घ्यायचा आहे. पुढे साताऱ्यात दुसरे संग्रहालय झाले, पण गेलेले दप्तर गेले.

आता साक्षीदाराचा मुद्दा. दोन वस्तूंच्या हकिकती सांगतो, म्हणजे आमचे म्हणणे स्पष्ट होईल.

तेरच्या लामतुरे संग्रहात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. ती घडली कधी? तिच्यावर तारीख कोरलेली नाही. पण १९३८ साली इटलीत पाँपेई या नगराच्या उत्खननात, एका घरात, अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेव्हा ती मूर्ती त्यापूर्वीची, यात शंका उरत नाही. कोणत्या नगरात, कोणत्या घरात, कोणत्या राखेखाली ती सापडली याची नोंद उत्खनन करणाऱ्यांनी ठेवली होती. त्या नोंदीच्या आधारे तेरच्या मूर्तीचेही वय सांगता आले, आणि पाँपेईची मूर्ती आपल्याच भागातून तिकडे गेली असावी असे काही अभ्यासकांना म्हणता आले. मराठवाड्यातल्या बाहुलीची जन्मपत्रिका इटलीतील एका घराने मांडून दिली.

दुसरी हकिकत नगर जिल्ह्यातील दायमाबादची. १९७४ साली तेथील एक शेतकरी झाडाचे खोड खणत असता त्याला कांस्याच्या चार वस्तू मिळाल्या : बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. इतक्या प्राचीन काळच्या एवढ्या भरीव कांस्यमूर्ती भारतात दुर्मिळ. परंतु त्या शास्त्रीय उत्खननातील थरातून निघाल्या नव्हत्या. खोडाबरोबर माती उलटीपालटी झाली होती. काही विद्वान त्यांना साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात, काही तसे मानायला तयार नाहीत. त्या शेतकऱ्याचा यात काडीचा दोष नाही. पण वस्तू कितीही थोर असली तरी तिच्या मातीची साक्ष गेली, की पंडितही हतबल होतात.

हे ध्यानात घेऊन आपल्या मुलखाकडे वळू. मुंबईच्या संग्रहालयाच्या ज्या शाखा आपण पाहिल्या, त्याच नजरेने बारामती आणि इंदापूर तालुक्यांची पाहणी केली, तर काय हाती लागते?

पहिली शाखा निसर्गाची. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पण मोरगावच्या परिसरात कऱ्हेच्या काठी याहून वेगळी एक गोष्ट आहे. तेथे ज्वालामुखीच्या बारीक राखेचा थर सापडतो, आणि ती राख इथली नव्हे. सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची ती, वाऱ्यावर समुद्र ओलांडून आलेली. टोबाचे स्फोट एकाहून अधिक वेळा झाले. ही राख सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या मोठ्या स्फोटाची की त्याहून फार जुन्या एखाद्या स्फोटाची, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली, म्हणून या राखेच्या वयाला जगाच्या दृष्टीने महत्त्व. मयूरेश्वराच्या दर्शनाला जाताना आपण ती नदी किती वेळा ओलांडली असेल! याच शाखेत भिगवणजवळचे उजनीच्या जलाशयाचे पाणपक्षी येतील. हिवाळ्यात तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, चक्रवाक येतात, आणि ते पाहायला दूरदूरची माणसे पहाटे होड्यांतून निघतात.

दुसरी शाखा पुरातत्त्वाची. कऱ्हा आणि नीरा यांच्या संगमावरील सोनगाव येथे १९६५ च्या सुमारास डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाण काळातील, म्हणजे सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावावरून ज्या संस्कृतीला नाव पडले, तिची तांबड्या अंगावर काळी नक्षी काढलेली पातळ, खणखणीत भांडी या लोकांची ओळख. शिरूर तालुक्यातील इनामगाव ही त्यांची सर्वांत नीट अभ्यासलेली वसाहत. तेथे पुराचे पाणी वळवण्यासाठी घातलेला बांध व चरही उत्खनन करणाऱ्यांना आढळला. नदीकाठी, कमी पावसाच्या मुलखात, पाणी वळवून पीक काढण्याची आपली धडपड आजची नव्हे.

तिसरी शाखा शिल्पांची. लोणी भापकरचे मंदिर, त्याची पुष्करणी आणि तेथील यज्ञवराहाची मूर्ती अभ्यासकांना परिचित आहे. नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूर आहे. आणि गावोगावच्या वेशीत, मारुतीच्या पाराजवळ वीरगळ उभे आहेत. गावासाठी, गुरांसाठी लढताना पडलेल्या माणसांची ती स्मारके. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, वरच्या चौकटीत तो शिवापुढे हात जोडून बसला आहे. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही वाचता यावा असा हा लेख. त्यावर आपण शेंदूर फासतो, पोरे क्रिकेटचा दांडू टेकवतात, आणि रस्ता रुंद करायचा झाला की तो भरावात जातो.

चौथी शाखा इतिहासाची. पुणे, सुपे, चाकण आणि इंदापूर हे शहाजीराजांच्या जहागिरीतील परगणे. इंदापुरात मालोजीराजांची गढी लोक दाखवतात. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. त्यांच्याच आश्रयाने १७२९ साली जन्मलेले मोरोपंत पन्हाळ्याकडून येथे आले आणि १७९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे आर्यांचे लेखन चालले. या काळाचे कागद मोडीत आहेत. ते काही घरांतून अजून बोचक्यांत बांधलेले असतील. मोडी वाचणारा घरात उरला नाही, म्हणजे ते रद्दीच्या वाटेला लागतात.

पाचवी शाखा लोकजीवनाची, आणि हिची निकड सर्वांत मोठी. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे आर्थर हाझेलिउस यांनी १८९१ साली स्कान्सेन नावाचे उघड्यावरचे संग्रहालय काढले. कारखानदारीच्या लाटेत जुनी शेतकरी घरे, गोठे, गिरण्या नाहीशा होत होत्या. त्या त्यांनी उचलून आणून, जशाच्या तशा उभ्या केल्या. आपल्याकडे हीच लाट कालव्यातून आली. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर भाटघरच्या धरणाचे पाणी घेऊन नीरेचा डावा कालवा बारामती व इंदापूर तालुक्यांत उतरला. जिरायती बाजरी-ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. गुऱ्हाळे आली, लाकडी चरकाच्या जागी लोखंडी चरक आला, मग १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना झाला, पुढे सहकारी कारखाने निघाले. चामड्याची मोट, तिचा नाडा आणि सोंदूर, बैल उतरायची धाव, गुळाची काहील, ढेपेचा साचा, या वस्तू आमच्या वडिलांच्या हाताखालच्या. आज दहा वर्षांच्या मुलाला सोंदूर म्हणजे काय असे विचारले, तर तो आपल्या तोंडाकडे पाहील. वस्तू जाते तेव्हा तिचे नाव जाते, आणि नावाबरोबर एक सबंध कसब जाते.

यातील काय राहिले आणि काय गेले याचा हिशेब मांडायला आपल्याकडे उजनीसारखे दुसरे स्थळ नाही. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्याच्या भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेव हे त्यांपैकी एक. गाव वर सरकले. जुने पळसनाथाचे देऊळ पाण्यातच राहिले. कडक उन्हाळ्यात, दुष्काळी वर्षी पाणी हटले, की शिखर दिसते, मग मंडप, मग आवारातले वीरगळ. लोक होडीने जातात, फोटो काढतात, हळहळतात. धरण नको होते असे आम्ही म्हणत नाही. त्या पाण्यावर लाखोंचे संसार चालतात, आणि ते रोहित पक्षीही त्याच पाण्याचे पाहुणे. पण पाणी चढण्याआधी प्रत्येक वाड्याची, पाराची, जात्याची, बारवेची नोंद गावकऱ्यांनी एका वहीत करून ठेवली असती, तर तिला पाणी बुडवू शकले नसते. अशी वही कोणाच्या घरी असेल तर तिच्याइतका मोलाचा कागद इंदापूर तालुक्यात नाही, असे आम्ही समजू.

या वहीवरच वस्तुसंग्रहालय उभे असते. बाहेरून आपल्याला काचेची कपाटे दिसतात, पण संग्रहालयाचा जीव असतो प्राप्ती-नोंदवहीत. वस्तू आली, की प्रथम तिला क्रमांक मिळतो. तो वहीत पक्क्या शाईने लिहायचा, आणि वस्तूवरही, दर्शनी भागावर नव्हे, तळाशी किंवा मागे, रोगणाचा बारीक पट्टा ओढून त्यावर घालायचा, म्हणजे वस्तूला इजा होत नाही आणि आकडा पुसत नाही. मग वहीत लिहायचे : वस्तू काय, कशाची, मापे व वजन, कोणी दिली, कोणत्या तारखेला, आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणत्या गावी, कोणत्या शिवारात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी सापडली. मोट असेल तर ती कोणत्या विहिरीवर चालत होती, तिचे भाग कोणत्या नावांनी ओळखले जात, हेही लिहायचे. हे काम करायला पदवी लागत नाही. सुवाच्य अक्षर, खरे बोलण्याची सवय आणि थोडा धीर, एवढे पुरते.

येथे कोणी विचारील, मग सापडेल ते आम्ही उचलून घरी ठेवावे काय? नाही. कायदा याबाबत स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर सापडणाऱ्याने कलेक्टरांना लेखी कळवले पाहिजे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी, शिल्पे यांच्या, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांच्या व्यापारावर निर्बंध घातले आहेत. परदेशी तर खाजगी माणसाला त्या नेताच येत नाहीत. तेव्हा नांगराला हंडा लागला, तर तो फोडून वाटून घेणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय आपल्याच गावाच्या साक्षीदाराचा गळा दाबणे आहे. पूजेतला देव हलवू नये. वीरगळ जागच्या जागी, चौथऱ्यावर, छपराखाली राहावा. जे घरचे आहे, मोडीत जाणार आहे, तेवढेच संग्रहाला द्यावे. आणि गावात कोरडी, बंदिस्त, निगराणीची जागा नसेल, तर वस्तू पुण्याच्या संग्रहात गेलेली बरी. गळक्या खोलीत आपली म्हणून कुजवण्यात अभिमान नाही. मात्र तिच्यासोबत तिच्या गावाचे नाव गेलेच पाहिजे.

म्हणून इमारतीची वाट पाहू नये, असे आमचे सांगणे आहे. इमारतीला पैसा लागतो, जागा लागते, मंजुरी लागते. केळकरांनी आरंभ केला तो इमारतीपासून नव्हे, लामतुऱ्यांनीही नव्हे. वाचनालयाच्या एका टेबलावर, शाळेच्या एका कपाटात, एक कोरी वही आजही ठेवता येते. बारामती-इंदापूरच्या प्रत्येक गावातून एका शिक्षकाने, एका शेतकऱ्याने आणि एका गृहिणीने आपल्या गावाची पाने भरली, तर काही वर्षांत जे तयार होईल ते कोणत्याही मोठ्या संग्रहालयाला मांडीला मांडी लावून बसता येईल असे होईल. पुढेमागे इमारत झालीच, तर तिच्यात काय ठेवायचे हा प्रश्न पडणार नाही. इमारत न झाली, तरी साक्ष नोंदली गेलेली असेल.

आज घरी परतल्यावर माळ्यावर एकदा नजर टाकावी. एखादे जुने जाते, समई, अडकित्ता, मोडीतला कागद हाती लागेल. तो कोणाचा, कोठून आला, कशासाठी वापरत, हे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला आजच विचारावे आणि तारीख घालून लिहून ठेवावे. वस्तू आणखी शंभर वर्षे टिकतील. सांगणारी माणसे तेवढी थांबणार नाहीत.